गुरुवारची मोजणी

जवळ सरकून बसा, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेवा. वीज आल्याशिवाय तुमची तालीम काही पुढे सरकत नाही, तेव्हा ऐका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस ऑफिसात एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. ऐकीव गोष्ट म्हणून उडवून लावायची असेल तर आत्ताच उठा.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार होता. संध्याकाळी साडेसातला साहेबांचा त्याला फोन आला. आज हॉलवर कार्यक्रम नाही, कवितावाल्या मंडळींनी आयत्या वेळी रद्द केलाय. रखवालदार ताप भरला म्हणून घरी गेलाय आणि स्टेजवरचा दिवा बंद करायचा राहून गेलाय. किल्ली खालच्या छपाईवाल्याकडे आहे. तुमच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर तर आहे, तेवढा दिवा बंद करून कुलूप लावून या. हा बिचारा जेवायला बसणार होता. बायकोला म्हणाला, ताट झाकून ठेव, गेलो आणि आलो. खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि निघाला.

आता हा माणूस कोण, ते सांगतो. नगरपालिकेचा तो हॉल फुकट मिळतो, तुम्हाला ठाऊक आहेच. नफा न कमावणाऱ्या, तिकीट न लावणाऱ्या संस्थांना आठवड्यातली एक संध्याकाळ वर्षभरासाठी मिळते. आठवड्याचे वार सातच आणि मागणारे साठ. म्हणून नियम असा, की वर्षातून एकदा न सांगता ऑफिसचा माणूस येणार आणि प्रेक्षक मोजणार. तीसपेक्षा कमी भरले तर ती संध्याकाळ रांगेतल्या पुढच्या संस्थेला. मोजणी स्टेजजवळ उभं राहून, प्रेक्षकांकडे तोंड करून करायची, असं फॉर्मवर ठळक छापलेलं आहे.

हे काम त्याच्याकडे होतं, म्हणून सगळे त्याला मोजणीदार म्हणायचे. हा झोपेत श्वास मोजतो, अशी थट्टा चालायची, आणि तोही हसून घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. पैसा खाल्ला नाही कधी, कुणाचा कागद दाबून ठेवला नाही. थोडा आळशी होता, आपण सगळे असतो तितकाच. पुढे जाऊन मोजलं की खेळात व्यत्यय येतो, कलाकार तोंड वाकडं करतात, आणि घराकडची बस चुकते. म्हणून तो हॉलच्या मागच्या दाराला जी हातभर काच आहे, तिच्यातून आत बघायचा, खुर्च्यांवरून दिसणारी डोकी मोजायचा आणि फॉर्म भरून मोकळा व्हायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते शिवणमावशींचं. शिवणमावशी म्हणजे कपडे शिवणाऱ्या एक विधवा बाई, साठीच्या. उरल्यासुरल्या चिंध्यांच्या त्या बाहुल्या शिवायच्या. हातात घालून नाचवायच्या असतात ना, तशा. त्यांना सदरे, टोप्या, बोटाएवढे कोट. दर गुरुवारी हॉलवर त्यांचा खेळ असायचा. बघायला यायची बसडेपोमागच्या वस्तीतली मुलं. आईबाप कामावर, घराला कुलूप, अशी चार-पाच वर्षांची पोरं एकमेकांचे हात धरून रांगेत यायची. त्यांना दुसरं जायला ठिकाण नव्हतं, आणि मावशींनाही.

आणि हॉलच्या खुर्च्या कशा, तर बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या. उंच पाठीच्या. चार वर्षांचं पोर त्यात बसलं, की मागून त्याचा केससुद्धा दिसत नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी मोजणीदाराने काचेतून पाहिलं. अकरा डोकी दिसली, मोठ्या माणसांची. आतून हसण्याचा आवाज येत होता, पण हसण्याचा रकाना फॉर्मवर नव्हता. त्याने अकरा लिहिले आणि बस पकडली.

पुढच्या महिन्यात संध्याकाळ रद्द झाल्याचं पत्र मावशींना गेलं. त्या पत्र घेऊन ऑफिसात आल्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, की मोजणाऱ्या भाऊंनी मागून पाहिलं असणार, मुलं मागून दिसत नाहीत, पुढून बघायला हवं होतं. त्या क्षणी मोजणीदाराला सगळं लख्ख कळलं. आपण काय केलंय, ते कळलं. साहेबांनी मान वळवून विचारलं, "तुम्ही पुढूनच मोजलंत ना?"

आता बघा, नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याच महिन्यात बढतीची यादी निघायची होती. नाही म्हटलं, की एवढ्या वर्षांच्या सगळ्या मोजण्या बाहेर निघाल्या असत्या. माझ्यादेखत तो म्हणाला, "हो साहेब. पुढूनच."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पुढे मला म्हणाला होता. पत्राची घडी घालत त्या एवढंच बोलल्या, "भाऊ म्हणतायत तर पुढूनच आले असतील. खेळाच्या नादात माझंच लक्ष नसेल."

आणि गेल्या. मोजणीदाराने समोरच्या फाइलमध्ये डोकं घातलं ते संध्याकाळपर्यंत वर काढलं नाही. खरं तर मलाही तेव्हा शंका आली होती, आणि मीही गप्प बसलो. ते आज तुमच्यापुढे कबूल करतो.

मावशींनी काही दिवस त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली खेळ केला. गोंगाट होतो म्हणून शेजाऱ्यांनी तो बंद पाडला. मग सप्टेंबरात एका सकाळी त्या शिवणयंत्रावर डोकं टेकलेल्या सापडल्या. हृदय बंद पडलं होतं. शिपायाने ऑफिसात बातमी सांगितली तेव्हा मोजणीदाराने चहाचा कप तसाच ठेवला. बढती त्याला मिळाली होती. त्यांच्या गल्लीवरून जायचं तो टाळायचा, दूरच्या वळशाने घरी यायचा. स्वतःची लाज वाटते म्हणून माणूस पायपीट करतो, हे मी तेव्हा पाहिलं.

तर अशा या माणसाला त्या गुरुवारी हॉलवर जायचं होतं. गुरुवारी.

बस उशिरा मिळाली, रात्रीचे सव्वाआठ झाले होते. छपाईवाल्याकडून किल्ली घेतली, तेव्हा तो दुकान आवरत होता. दोन मजले चढून हा वर आला. व्हरांड्यात दिवा होता. सगळं नेहमीसारखं. हॉलच्या दाराशी येताच सवयीने त्याने डोळा काचेला लावला.

आत अंधार. लांब स्टेजवर तो एकच पिवळा दिवा. पुढे खुर्च्यांच्या पाठींच्या काळ्या रांगा. एकही डोकं नाही. तो स्वतःशीच हसला. रिकाम्या हॉलमध्ये काय मोजतोस बाबा, असं म्हणून दार ढकलून आत गेला.

दिव्याचं बटण स्टेजच्या बाजूला, भिंतीवर. म्हणजे पूर्ण हॉल ओलांडून पुढे जायला हवं. एकवीस वर्षांत तो तिथवर क्वचितच गेला असेल. मधल्या वाटेने उतरू लागला. दोन्ही बाजूंना खुर्च्या. नजर समोर, दिव्यावर.

निम्म्या वाटेवर आला असेल, आणि त्याला हसू ऐकू आलं.

मोठं नाही. तोंडावर हात दाबून पोरं हसतात ना... तसं.

तो थांबला. हसू थांबलं.

खालून रस्त्यावरून आलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. परत फिरावं असं वाटत होतं, आणि परत फिरायचं तर मागे वळावं लागणार होतं. वळायची छाती होईना. तो पुढेच चालला. भिंतीपाशी पोचला. बटणावर बोट ठेवलं.

"भाऊ..."

आवाज स्टेजवरून नव्हता. पाठीमागून होता. अगदी जवळून. हळू. दमलेला.

"आलात पुढून? बरं झालं... आता मोजा."

बोट बटणावर तसंच. किती वेळ... त्यालाही सांगता येत नाही. अखेर तो वळला.

कुणी नव्हतं.

हॉल रिकामा. कुणीही नव्हतं... पण त्या खुर्च्यांना स्प्रिंग आहे. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. रिकाम्या हॉलमध्ये सगळ्या बैठका मिटलेल्या हव्यात. पहिल्या रांगा तशाच होत्या, मिटलेल्या. चौथी रांग मात्र...

चौथी रांग उघडी होती. पाचवीही. सहावीतल्या काही. बैठका खाली दबलेल्या. जणू कुणी बसलंय. फार वजन नसलेलं कुणी.

तो बघत राहिला.

खट्.

चौथ्या रांगेतली कडेची बैठक वर मिटली.

खट्. तिच्या शेजारची.

खट्... खट्... ओळीने. एकामागून एक. कुणी ढकलाढकली न करता, शहाण्यासारखं, रांगेत उठून निघाल्यासारखं.

आणि मोजणीदाराच्या तोंडून आकडे बाहेर पडू लागले. त्याने ठरवलं नव्हतं. सात... आठ... नऊ... सतरापर्यंत आला. अठरावी मिटली, आणि त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी थंड त्याला घासून गेलं.

तो पळाला. मागे पाहिलं नाही. खट्... खट्... चालूच होतं. दारातून बाहेर पडताना कोटाची बाही कडीत अडकली, त्याने हिसका दिला, कापड टर्रकन फाटलं. कुलूप नाही, दिवा नाही. दोन जिने तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही.

घरी आला तेव्हा अंग घामाने भिजलेलं. बायकोने विचारलं, तर म्हणाला, बसमध्ये कोट फाटला. बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटून लोंबत होती. तिने हातात घेऊन पाहिली, चुकचुकली, उद्या बघू म्हणाली आणि कोट खुंटीवर टांगला. जेवण तसंच राहिलं. रात्रभर तो छताकडे बघत पडून होता. कुणाला सांगायचं नाही, साहेबांना सांगायचं दिवा बंद केला, असं त्याने ठरवलं. अजूनही, बरं का. एवढं होऊनही वेळ मारून न्यायचाच विचार करत होता. त्याचं त्यालाच किळसवाणं वाटत होतं, पण तरी.

सकाळी बायकोने हाक मारली. "अहो, ही बाही कुणाकडून शिवून आणलीत? एवढ्या सकाळी कोण भेटलं तुम्हाला?"

तो उठून गेला. कोट त्याच खुंटीवर होता. बाही शिवलेली होती. टाके इतके बारीक, की कापडाला नाक लावल्याशिवाय दिसत नव्हते. बायको कौतुकाने बघत होती. म्हणाली, माणसाच्या कपड्याला कुणी असा टाका घालत नाही, एवढा वेळ कुणाला असतो?

त्याने तो कोट घातला आणि तडक ऑफिस गाठलं. साहेब अजून बसतच होते. मी टेबलावर होतो, सगळ्यांनी ऐकलं. तो उभा राहून म्हणाला, "साहेब, मार्चमधली ती मोजणी मी पुढून केली नव्हती. दाराच्या काचेतून केली. मग तुमच्यासमोर आणि त्या बाईंसमोर खोटं बोललो."

साहेबांनी चौकशी लावली, बढती गेली, ते सगळं यथावकाश झालं. त्याच दिवशी मावशींच्या सुनेला बोलावणं गेलं. ती एक वही घेऊन आली, मावशींनी ऑफिसात कधी न काढलेली. मावशी दर गुरुवारी दाराशी उभ्या राहून प्रत्येक मुलाचं नाव लिहून घ्यायच्या, परत जाताना वाटेत कुणी हरवू नये म्हणून. मार्चमधल्या त्या गुरुवारचं पान सुनेने उघडून साहेबांपुढे ठेवलं. त्रेचाळीस नावं होती.

साहेब म्हणाले, गुरुवार तुम्हाला परत देतो, कवितावाल्यांना दुसरा वार बघू. सून घेते म्हणाली, बाहुल्या आहेत, हात माझे घालीन. मोजणीदार तिच्यासमोर हात जोडून उभा होता. ती त्याला म्हणाली, "हे त्या असताना बोलायला हवं होतं तुम्ही."

तो मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवसापासून मी त्याला मान ताठ करून चालताना पाहिलेलं नाही. दर गुरुवारी हॉलवर जायचा, मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, आणि खेळ सुरू झाला की बाहेर जिन्यावर बसायचा. आत ये म्हटलं तरी गेला नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो माझ्या घरी आला होता. कोट काढून माझ्या टेबलावर दिव्याखाली पसरला आणि बाहीवर बोट ठेवलं. मला वाटलं, टाका दाखवतोय. तो म्हणाला, तू मोज, माझ्या मोजण्यावर माझा विश्वास राहिला नाही.

मी सुई घेतली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका बाजूला सारत मोजले. एकदा कोपराकडून, एकदा मनगटाकडून. दोन्ही वेळा त्रेचाळीस भरले. दोऱ्याला गाठ कुठे मारलीय ती शोधली, उलटी करूनही बाही पाहिली, पण गाठ सापडली नाही.