एका मुलाला एक जागा

"मांडीवर घेते की! एवढंसं तर आहे."

हे वाक्य मी टॅक्सीत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आतच माझं उत्तर तयार असतं. "घ्या ना मांडीवर, घरी गेल्यावर खुशाल घ्या. इथे त्याची जागा वेगळी."

बाळंतिणींच्या हॉस्पिटलसमोर स्टँड आहे, तिथे माझी टॅक्सी लागते. आधी नवरा चालवायचा, तो गेल्यापासून मी चालवते. मागे डाव्या बाजूला बाळाची सीट कायमची बसवलेली. स्टँडवरचे ड्रायव्हर मला हेडबाई म्हणतात, आणि काही कौतुकाने म्हणत नाहीत. बाप म्हणतो, मी घट्ट धरतो. मी म्हणते, धरा, पण जोरात ब्रेक लागला की तुम्हालाच कुणीतरी धरावं लागेल. आजी म्हणते, आमची पोरं काय मांडीवर वाढली नाहीत? वाढली हो आजी, नशीब त्यांचं. कधी कधी गिऱ्हाईक चिडून सरळ मागच्या टॅक्सीत जाऊन बसतं. जाऊ दे बापडं. पुढच्या सीटवर बाळ बसवायचं नाही, आईच्या पट्ट्यात बाळ गुंडाळायचं नाही, आणि जुळी असली तरी एका सीटमध्ये दोघांना कोंबायचं नाही. एका मुलाला एक जागा. माझ्या गाडीत हेच चालतं.

तान्ह्या बाळाची सीट उलटी बसवतात, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. मला आरशातून फक्त सीटची पाठ दिसते. बाळाच्या खांद्यांवरून दोन पट्टे येतात आणि खाली बकलात अडकतात. सीटच्या पाठीला एकावर एक खाचा असतात. बाळ वाढेल तसे पट्टे वरच्या खाचेत घ्यायचे. काम मोठं किचकट. सीट सोडवायची, पट्टे मागून ओढून काढायचे आणि वरच्या खाचेतून पुन्हा ओवायचे. नखं तुटतात. माझी गिऱ्हाइकं बहुतेक दोन-चार दिवसांची, त्यामुळे माझे पट्टे कायम सगळ्यात खालच्या खाचेत.

मागच्याच्या मागच्या थंडीत एका सकाळी गाडी पुसत होते, तर पट्टे दुसऱ्या खाचेत.

म्हटलं, विसरले असेन आपणच. एखादं मोठं बाळ आलं असेल आदल्या दिवशी. आठवत तर काही नव्हतं. पट्टे खाली घेतले. आठवड्याभराने पुन्हा वर. मग मी टोपीवाल्याला धरलं. टोपीवाला म्हणजे स्टँडवर माझ्या मागे गाडी लावणारा ड्रायव्हर. भारी चेष्टेखोर, पण मनाचा सरळ.

"हेडबाई, मला माझ्या गाडीचं चाक बदलायचा कंटाळा," तो म्हणाला. "तुमचे पट्टे कोण ओवत बसतंय?"

तेही खरंच होतं. तरी मी गाडीची किल्ली उशाशी घेऊन झोपायला लागले. काही फरक पडला नाही.

मग इतर गोष्टी लक्षात यायला लागल्या. थंडीने सगळी गाडी गार पडलेली असायची, स्टिअरिंगला हात लावला की बोटं आखडायची, आणि सीटच्या खोळीत हात घातला तर आत ऊब. आताच कुणीतरी मूल उचलून नेल्यासारखी. खोळ धुतली तरी दोन दिवसांत दुधाच्या गुळणीचा आंबूस वास परत यायचा. पट्टे नुसते वर जायचे नाहीत, सैलही केलेले असायचे, म्हणजे आत बसणाऱ्याचं अंगही भरत असावं. उन्हाळ्यात तिसरी खाच. मग चौथी.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आधी मला चीड आली, मग हळूहळू सवय झाली. रोज सकाळी पट्टे खाली घ्यायचे, की दिवसभर काही नाही. गिऱ्हाइकाच्या एकाही बाळाला कधी त्रास झाला नाही. आणि आता सांगायला कसंतरीच वाटतं, पण मनातल्या मनात मी हिशेब करायचे, आता हे बसायला लागलं असेल, आता उभं राहत असेल. गाडी रिकामी असली आणि सिग्नलला थांबले, की मी मागे हात नेऊन सीट हलकेच हलवायचे. एकटीच्या घरात राहून बाईला काय काय सवयी लागतात, दुसरं काय.

पावसाळा सरला तेव्हा पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत पोचले होते. त्याच्या वर खाच नव्हती.

त्याच सुमारास माझी मुलगी बाळंत झाली. दिवस भरायच्या कितीतरी आधी. जावई कामासाठी दूर देशी, महिनोन् महिने यायचा नाही, त्यामुळे बाळंतपण माझ्याकडेच. नात झाली. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावेल एवढीशी. बरेच दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी गिऱ्हाइकं सोडायचे आणि मध्येच वर जाऊन काचेला नाक लावून उभी राहायचे. त्या पोरीशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी सोडलं त्या दिवशी मी सीट दोनदा तपासली. पट्टे खालच्या खाचेत. बकल लावलं. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम गेलं, म्हणजे बरोबर. मुलगी शेजारी बसली.

"आई, आज तरी आरडाओरडा करू नकोस हं कुणावर," ती म्हणाली.

"समोरचा नीट चालवेल तर कशाला ओरडेन?" मी म्हणाले, आणि बैलगाडीच्या वेगाने निघाले. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

पूल ओलांडला आणि मुलगी म्हणाली, "आई, हे सैल कसं झालं गं?"

मी गाडी बाजूला घेतली आणि मागचं दार उघडलं. नात पट्ट्यांमधून घसरून खाली सरकली होती. हनुवटी छातीला टेकलेली. एवढ्या लहान बाळाची मान तशी दुमडली की श्वासाची वाट बंद होते. मी हे किती जणांना ऐकवलंय. तिच्या ओठांचा रंग जांभळट झाला होता. मी हनुवटी उचलली. तिने श्वास घेतला आणि मग बारीक आवाजात रडायला लागली.

पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत होते. सीट जागची हललेली नव्हती. ती सोडवल्याशिवाय पट्टे वर जाऊच शकत नाहीत.

"तू हात लावलास?" मी विचारलं.

"मी कशाला हात लावू? मला ते उघडतासुद्धा येत नाही."

रस्त्याच्या कडेला बसून मी पुन्हा ओवले. घरी पोचेपर्यंत ते आणखी एकदा वर गेले. उरलेला रस्ता मुलीने बाळाची हनुवटी बोटावर तोलून धरली.

दर आठवड्याला वजन करायला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं, आणि हॉस्पिटल काही चालत जाण्यासारखं नव्हतं. पुढच्या वेळी मी टोपीवाल्याची गाडी सांगितली आणि दुकानातून कोरी सीट आणून त्यात बसवली. गाडी दुसरी, सीट दुसरी, चालवणारा दुसरा. पुलापाशी पट्टे वर.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कुठलं मूल कुठून आलं, याचा विचार मी कधीच सोडून दिला होता. मला एवढंच दिसत होतं, की सीट एक आणि मुलं दोन. त्यातलं एक मोठं झालंय, त्याला ही सीट पुरत नाही, आणि त्याच्याच जागेवर मी दुसरं बाळ आणून बसवते. एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला गाडीतून उतरवलं असतं. माझ्या डोक्यात माझीच शिस्त घोळत होती.

सकाळी उठून मी मोठ्या मुलाची सीट विकत आणली. ही सुलटी असते, तोंड पुढे, त्यामुळे आरशात अख्खी दिसते. उजव्या बाजूला बसवली. पट्टे अंदाजाने लावले, बकल अडकवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "हे तुझं. ते तिचं. कळलं?"

मुलीला सांगितलं, मोठी मुलं घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आणलीय. ती दोन सीटच्या मध्ये अंग चोरून बसली. पूल आला, पूल गेला. मी हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवून मागे वळले. नात झोपली होती. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जात होतं.

मला इतकं हायसं वाटलं की मी टोपीवाल्याला चहा पाजला. का, ते काही सांगितलं नाही.

त्यानंतर नातीचे पट्टे वर जायचे थांबले. हळूहळू मोठ्या सीटचे पट्टे वर जायला लागले. पहिली खाच, दुसरी खाच. मी ते खाली घेतले नाहीत. कशाला घेऊ? ती सीट त्याची होती.

नातीचे मात्र खालच्या खाचेतच राहिले.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवस न भरलेली मुलं सावकाश वाढतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या तिला वजनाच्या काट्यावर दोन-दोनदा ठेवून बघायला लागल्या. सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या. पोरगी दूध पिते, हसते, माझा आवाज आला की पाय झाडते. पण हॉस्पिटलमधून घरी आणताना घातलेलं झबलं अजूनही तिला येतं. टोपडंसुद्धा तेच. तिच्या मागून जन्मलेली शेजारची मुलगी परवा भिंतीला धरून चालत होती.

मी एकदा मोठी सीट काढून टाकली. मुलीला न सांगता, निघायच्या आधी. ती काढून अंगणात ठेवली आणि गाडी सुरू केली.

पुलापर्यंतही गेलो नाही. गल्लीच्या वळणावरच मुलगी किंचाळली.

हनुवटी छातीवर. ओठ जांभळे.

मुलीने हनुवटी बोटावर उचलून धरली आणि मी तशीच मागे फिरले. अंगणात जाऊन हाताला येईल तशी ती सीट उचलली आणि गाडीत बसवली. बकल लवकर लागेना. लागलं एकदाचं. नात रडायला लागली. मीही रडले, मुलीदेखत, रस्त्यावर. कुणाला काय सांगणार होते मी? जागा मीच दिली होती.

काल पुन्हा वजन होतं. मी स्टँडवर गाडीत बसून वाट बघत होते. मुलगी दारातून बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळलं, वजन तेवढंच.

ती मध्ये बसली. मी गाडी सुरू करेपर्यंत तिने नातीला पट्टे घातले. रुमालाने तिची लाळ पुसली.

मग रुमालाची घडी उलटली, दुसऱ्या सीटकडे वळली आणि तिथेही पुसलं. सहज, दुसरीकडेच लक्ष असलेल्या आईने पुसावं तसं. मला आरशात ती सीट अख्खी दिसत होती. तिथे काहीच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "याच्या खांद्याला पट्टे काचतायत गं. वरच्या खाचेत घे ना."

मी गाडी बंद केली आणि उतरले.