मधल्या बोळाची हद्द

"ये बाहेर, वहिनी! मोजणीवाला आलाय. आता कळेल कोण कोणाची जागा बळकावून बसलंय ते!"

साव्हेरिओची हाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली आणि फिलोमेनाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दीर चिडला म्हणून नव्हे हो, त्याच्या चिडण्याची तिला सवयच होती! पण आज तो मोजणीवाला खरं बोलणार होता... आणि तेच तर तिला नको होतं!

टोरांटोच्या त्या गल्लीत दोघा भावांनी एकाच महिन्यात शेजारी शेजारी घरं घेतली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. मधे एकच बोळ, मागच्या दोन्ही गॅरेजांकडे गाड्या नेणारा. त्यातलं काँक्रीट दोघांनी स्वतःच्या हातांनी ओतलं होतं, आणि फिलोमेना लिंबाचं सरबत घेऊन उभी होती. सतराव्या वर्षी इटलीतल्या कालाब्रियाहून आलेला हा साव्हेरिओ, आईच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडायचा, तेव्हा त्याला भरवलं कोणी? त्याचे सिमेंटने कडक झालेले कपडे धुतले कोणी? तिनेच ना!

आणि ते ऑगस्टचे शेवटचे शनिवार... आहाहा! बोळात टोमॅटोच्या पेट्यांची चळत लागायची, मोठ्या पिंपाखाली जाळ धडधडायचा, वर्षभराच्या रश्श्याच्या बाटल्या भरायच्या. जाऊ रोझिना प्रत्येक बाटलीत तुळशीसारखं एकेक हिरवं पान टाकायची, फिलोमेनाचा नवरा निकोदेमो पळीने चाखून "मीठ कमी!" म्हणून ओरडायचा आणि साव्हेरिओ म्हणायचा, "दादाची जीभच मेलीय, वहिनी, लक्ष देऊ नकोस!" दोन घरं कसली, एकच घर होतं ते, मधे छप्पर तेवढं नव्हतं.

निकोदेमो गेला आणि सगळं विस्कटलं. पहिल्याच ऑगस्टात फिलोमेनाच्या जावयाने, बिचाऱ्याला रिवाज काय ठाऊक, रश्श्याच्या दिवशी सकाळी बोळात गाडी लावून ठेवली. पिंप पेटवून बसलेला साव्हेरिओ भडकला. "माझ्या अर्ध्यातून गाडी काढ!" अर्धं! त्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. फिलोमेनाही दुखावली होती, तीही नको ते बोलून गेली. दुसऱ्या दिवशी बोळाच्या मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ आली, आणि तेव्हापासून तीन वर्षं दोन पिंपं पेटत होती, रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. "थोरली म्हणवते आणि गिळायला बसलीय," हे शब्द तिने कितीदा ऐकले, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

कारण तिला माहीत होतं! घर आधी साव्हेरिओने निवडलं, अंजिराचं झाड आवडलं म्हणून. नंतर निकोदेमोने कागद वाचले, तेव्हा कळलं की अख्खा बोळ दुसऱ्या घराचा, म्हणजे त्यांचा आहे. "बोलायचं नाही, फिलो," तो म्हणाला होता. "थोरल्याच्या उपकारावर चालतोय असं त्याला जन्मभर वाटेल." मरणापूर्वी हॉस्पिटलमध्ये त्याने पुन्हा तेच वचन मागितलं होतं.

ती ओल्या हातांनीच बाहेर धावली. साव्हेरिओ मोजणीवाल्यासाठी कॉफी आणायला आत गेला होता. भांडण असो वा नसो, दारी आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय त्याला राहवायचं नाही! मोजणीवाला मात्र लोखंडी खुंटी घेऊन थेट साव्हेरिओच्या भिंतीकडे निघाला होता.

"थांब रे बाबा!" मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने त्याचा हात धरला. "ती मधे ठोक ना... त्या रेघेवर. तुझं काय जातं?"

"बाई, तुम्हाला कळत नाहीये. ही सगळी जागा तुमचीच आहे!"

"ठाऊक आहे मला! चाळीस वर्षं ठाऊक आहे! हळू बोल... त्याला कळलं तर स्वतःच्या दारातून बाहेर पडायची लाज वाटेल त्याला. फार मानी आहे तो. मी हात जोडते तुला..."

पाठीमागे कपबशा खडखडल्या. ट्रे घेऊन साव्हेरिओ उभा होता, पांढराफटक!

"चाळीस वर्षं?" त्याने विचारलं. "वहिनी, मी तुला चोर म्हटलं... आणि तू ऐकून घेतलंस?"

"तुझ्या दादाने वचन घेतलं होतं रे..."

"ठोक!" तो मोजणीवाल्यावर ओरडला. "खरी हद्द आहे तिथेच ठोक!" आणि मग मान खाली घालून, अडुसष्ट वर्षांचा तो गडी पुटपुटला, "आजवर तुझ्या जागेतून फुकट गेलो. आता परवानगी दे, वहिनी... नाहीतर गाडी रस्त्यावर लावीन."

खाडकन एक थप्पड बसली! ट्रे खाली पडला. "परवानगी मागतोस? मला? याच हातांनी भरवलंय तुला, मेल्या!" आणि दुसऱ्याच क्षणी तिने त्याला पोटाशी धरलं. रोझिना दारात उभी राहून एप्रनने डोळे पुसत होती. भिंतीपाशी खुंटीवर घाव पडत होते, पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

दिराच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवताना फिलोमेना मनातल्या मनात नवऱ्याशी बोलत होती. 'मोडला रे तुला दिलेला शब्द, निकोदेमो... माझ्याच तोंडून मोडला. मला क्षमा कर... पण तुझा भाऊ घरी आला.'