डावी सीट, उजवी सीट

त्या दिवशी दोघांचेही परीक्षेतले जोडीदार तापाने आडवे झाले नसते, तर ती दोघं एकमेकांना कधी भेटलीच नसती.

दर सहा महिन्यांनी पायलटांची परीक्षा होते ती सिम्युलेटरमध्ये. लोखंडी पायांवर डुलणारी एक बंद खोली, आतून हुबेहूब कॉकपिट. परीक्षेला दोघं लागतात. डाव्या सीटवर कॅप्टन, उजव्या सीटवर को-पायलट. ती कॅप्टन, पण स्वस्त तिकिटांच्या छोट्या कंपनीतली. तो को-पायलट, पण ती छोटी कंपनी जिने विकत घेतली होती त्या मोठ्या कंपनीतला. विमान एकच, परीक्षा एकच, परीक्षकही एकच. पगार मात्र... उजवीकडच्याचा जास्त.

"दोघांना एकत्र बसवतो. चालेल ना?" परीक्षकांनी विचारलं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

"मला चालेल," ती म्हणाली. "साहेबांना विचारा. चिमणीच्या शेजारी बसतील का?"

मोठ्या कंपनीतले आपल्याला 'चिमण्या' म्हणतात, हे तिच्या कानावर आलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"चिमणी कॅप्टन असेल तर बसावंच लागेल," तो पुटपुटला.

आत गेल्यावर मास्तरांनी बटण दाबून पाऊस लावला. काचेवर खोटे थेंब, खोटा गडगडाट, आणि वायपरची ती कंटाळलेली घरघर. विमान त्याच्या हातात होतं. चाकांनी धावपट्टी सोडली आणि इंजिनाला आग लागली. तो थबकला... अगदी क्षणभरच.

"कंट्रोल माझ्याकडे," ती शांतपणे म्हणाली.

"कंट्रोल तुमच्याकडे."

त्यांच्या कामातला हा नियमच. विमान देताना-घेताना दोघांनीही मोठ्याने बोलायचं. समोरून उत्तर येईपर्यंत हात सोडायचा नाही. उत्तर आल्यावर मात्र धरून ठेवायचा नाही. त्याने हात काढला. ज्या तऱ्हेने काढला, ते तिला आवडलं. त्यात कमीपणा नव्हता.

बाहेर आल्यावर त्याच्यासाठी कंपनीचं जेवणाचं पाकीट आलेलं होतं. तिने पिशवीतून घरचा डबा काढला. त्याने पाकीट तिच्याकडे सरकवलं.

"निम्मं घ्या."

"दया आली वाटतं?"

"छे, लाच आहे. मी थबकलो होतो ते कुणाला सांगू नका."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

पुढचा महिनाभर ती दोघं विमानतळाच्या कँटीनमध्ये भेटत राहिली. दोन उड्डाणांच्या मधली वीस मिनिटं, गार होत जाणारा चहा, टेबलाखाली एकमेकांना टेकलेल्या दोन बॅगा. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही. एक विषय मात्र ती काढत नसे. मोठ्या कंपनीच्या पायलट संघटनेत तेव्हा मतदान चालू होतं – सारख्या कामाला छोट्यांनाही सारखा पगार, या मागणीच्या पाठीशी उभं राहायचं की नाही? 'हो' म्हटलं, तर मोठ्यांची स्वतःची पगारवाढ वर्षभर पुढे जाणार होती. छोट्यांच्या वतीने ही मागणी घेऊन दारोदार फिरणारी हीच होती. तिचे बाबा, उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेले, रोज विचारायचे, "रस्ता तोच, गाडी तीच, मग तुझ्याच पगाराला काय झालंय गं?"

अकरा मतांनी मागणी पडली.

त्या दुपारी तो कँटीनमध्ये आला आणि चहा न घेताच बसला.

"मी विरोधात मत दिलं होतं," तो म्हणाला. "फोनवरून... सिम्युलेटरच्या पार्किंगमध्ये गाडी लावता लावता. अर्ध्या तासाने तू भेटलीस."

ती कपाकडे बघत राहिली. मत गुप्त होतं. सांगितलं नसतं, तर तिला कधीच कळलं नसतं.

"नंतर बदलता येत नव्हतं. आलं असतं तर, तुझ्यासाठी मी..."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं असावं. "आम्ही चारशे पायलट आहोत रे. प्रत्येकाच्या प्रेमात तुमच्यातलं एकेक माणूस पडेल, याची वाट बघत बसायचं का आम्ही?"

तिने बॅग उचलली.

"फोन करू नकोस," ती म्हणाली. आणि त्याने केला नाही... हेच तिला जास्त लागलं.

आणखी पाच महिने उलटले. परीक्षेच्या दिवशी ती पोचली, तेव्हा जोडीदाराच्या रकान्यात त्याचं नाव होतं. तो अजून यायचा होता.

"मी लावलंय," मास्तर म्हणाले. "पटत नसेल तर खोडतो. पण आधी ऐक. या पोराने आमच्या मोठ्या कंपनीतल्या लोकांचं डोकं खाल्लंय. ज्याला त्याला गाठतो आणि सांगतो, 'इंजिन पेटल्यावर मी गोठलो होतो. शेजारच्या कॅप्टनने विमान सांभाळलं. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे, हे कसं काय?' स्वतःची लाज स्वतःच्या तोंडाने सांगत हिंडतोय. फेरमतदानाला लागतात तेवढ्या सह्या काल पुऱ्या झाल्या."

"कॅप्टन कोण, ते सांगितलं का त्याने?"

"नाही बुवा. विचारलं की म्हणतो, कोणीही असली तरी हिशोब तोच."

तिने नाव खोडायला सांगितलं नाही.

आत दोघं शेजारी बसली. तो वाळला होता. उड्डाण तिने केलं, आग लागली, ती विझली. आता फक्त उतरायचं होतं. काचेवर खोटा पाऊस बदाबदा कोसळत होता.

"पाऊस कमी करू का?" मागून मास्तरांनी विचारलं.

"राहू द्या."

तिने उजवीकडे पाहिलं.

"कंट्रोल तुझ्याकडे."

तो थबकला... अगदी क्षणभरच.

"माझ्याकडे," तो म्हणाला. तेव्हा कुठे तिने हात सोडला.