नाकारलेली निरीक्षणे

दीड महिन्यातला सातवा रुग्ण दगावला, तेव्हा मृत्यूची नोंद करण्याआधी डॉ. सुनेत्रा हिंगमिरे यांनी 'पूर्वफल' या संगणकप्रणालीला पुन्हा तोच प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग, रुग्णाचे वय एकेचाळीस, मूत्रपिंडे उत्तम. कोणते प्रतिजैविक द्यावे? पडद्यावर उत्तरही तेच आले. नेहमीचे औषध, नेहमीची मात्रा, बरे होण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.

रुग्ण मरण पावला आहे, असे त्यांनी कळवले. प्रणालीने निरीक्षण नाकारून लगेच कारण दिले: परिचर्येतील चूक, औषधाच्या वेळा पाळल्या गेल्या नाहीत.

त्या दुपारी सांगलीच्या त्यांच्या रुग्णालयाने अतिदक्षता विभागातल्या लीना सिस्टरना घरी बसवले. बावीस वर्षे नोकरी झालेली बाई पिशवी घेऊन सुनेत्राबाईंच्या दाराशी उभी राहिली.

"मॅडम, या पेशंटचा प्रत्येक डोस मी तुमच्यासमोर दिला."

"हो. मी घड्याळ बघत होते."

"मग सांगा की त्यांना."

"सांगितलं. माणसाचं निरीक्षण आणि पूर्वफल यांत फरक पडला, तर पूर्वफल धरायचं, असा नियम आहे म्हणाले."

हा नियम चौदा वर्षे जुना होता. तोवर जगात झालेले झाडून सगळे संशोधन, पदार्थविज्ञानापासून अर्थशास्त्रापर्यंत, या प्रणालीने वाचले होते. एखादा प्रयोग केला तर काय निष्पन्न होईल, हे ती प्रयोग न करताच सांगत असे, आणि हजारांत नऊशे शहाण्णव वेळा बरोबर सांगत असे. मग प्रयोग करायचे कशाला? स्थापत्य महाविद्यालयांनी काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणे बंद केले. अर्थशास्त्राचे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन घरोघर जाईनासे झाले. प्रयोगशाळांचे 'प्रश्नकक्ष' झाले, आणि उत्तम प्रश्न विचारणाऱ्याला पीएच.डी. मिळू लागली. सुनेत्राबाईंनाही यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

आता त्यांना एक साधी गोष्ट बघायची होती: हा जंतू या औषधाने मरतो का? ती दाखवू शकेल अशी एकही जागा जिल्ह्यात उरली नव्हती. दोन दिवस चौकशी केल्यावर मिरजेतले दस्तगीर मुजावर सापडले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्यांनी सदतीस वर्षे काम केले होते.

"जंतू वाढवायचे?" मुजावरांनी विचारले. "हे आता कुणी करत नाही, मॅडम."

"तुम्हाला येतं ना?"

"येतं. पण माझ्याकडं काचेच्या बशा अकराच आहेत. प्रयोगशाळा भंगारात काढली तेव्हा पिशवीत घालून आणल्या होत्या. का आणल्या, काय माहीत."

त्यांनी मटणाच्या हाडांचे पाणी उकळून गाळले, त्यात किराणा दुकानातला, जेलीसारखा गोठणारा चायना ग्रास विरघळवला, सगळे प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केले आणि बशांत गोठू दिले. त्यांच्या पत्नीने तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला घेणार नाही असे सांगून टाकले. लाकडी खोक्यात दिवा लावून त्यांनी शरीराइतकी ऊब तयार केली. सुनेत्राबाईंनी आणलेला, विभागातल्या एका रुग्णाच्या जखमेतला पू बशीत पसरला आणि टीपकागदाच्या चकत्या औषधात भिजवून त्यावर ठेवल्या.

"औषध चालत असलं तर चकतीभोवती मोकळं कडं दिसतं. नाण्याएवढं," ते म्हणाले. "जंतू तिथं येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दोघांनी बशी उजेडात धरली. पांढुरका थर चकतीला भिडला होता. कडे नव्हते. मुजावरांनी तीच चाचणी दुसऱ्या रुग्णाच्या नमुन्यावर केली, मग दुसऱ्या कंपनीचे औषध आणून केली. कडे नव्हतेच.

सुनेत्राबाईंनी हे निरीक्षण छायाचित्रांसह प्रणालीला पाठवले. चार सेकंदांत उत्तर आले: निरीक्षण नाकारले. निरीक्षकाची चूक असण्याची शक्यता ९९.८ टक्के.

रुग्णालयाच्या औषधभांडारात प्रणाली सुचवते तेवढीच औषधे असत; बाकीची बनवणेच कोणी चालू ठेवले नव्हते. शोधाशोध करून सुनेत्राबाईंना तीन जुनी प्रतिजैविके मिळाली. त्या तिन्हींची चाचणी सुरू करायला मुजावरांना सांगून त्या पुण्याला गेल्या.

पूर्वफल केंद्रात डॉ. निरंजन उकिडवे त्यांना भेटले. निरीक्षणे तपासणारी चाळणी त्यांनीच रचली होती. पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. बशांची छायाचित्रे त्यांनी लक्षपूर्वक पाहिली.

"तुम्ही खोटं बोलताय असं चाळणी म्हणत नाही, मॅडम. चुकताय म्हणते. आणि त्याला आधार आहे. पहिल्या वर्षी प्रणालीशी न जुळणारी दोनशे बारा निरीक्षणं आली. आम्ही एकूण एक पुन्हा करून पाहिली. दोनशे अकरा माणसांच्या चुका निघाल्या. कुणाचा तराजू बिघडलेला, कुणी दशांशचिन्ह विसरलेलं. असल्या चुका प्रणालीत शिरल्या तर ती नासेल. म्हणून चाळणी."

"आणि दोनशे बारावं?"

"ते खरं होतं. ते आम्ही हातानं घातलं."

"हे पहिल्या वर्षी. नंतर कोण पुन्हा करून बघतं?"

"नंतर गरज राहिली नाही. अचूकता सतत ९९.६ च्या वरच आहे."

"ती मोजता कशी?"

"आलेली निरीक्षणं आणि पूर्वफल यांची तुलना करून."

"आलेली सगळी?"

उकिडवे उत्तर द्यायला लागले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"स्वीकारलेली," ते म्हणाले.

मग सुनेत्राबाई म्हणाल्या, "चौदा वर्षांपूर्वी हा जंतू या औषधानं मरत होता. तुमच्या प्रणालीला तेवढंच ठाऊक आहे. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना तेच एक औषध देतोय. जंतू बदलले. बदलल्याचं जो सांगेल तो चुकतोय, असं तुमची चाळणी म्हणते."

"नाकारलेली निरीक्षणं ठेवलेली आहेत," उकिडवे म्हणाले. "उघडून मात्र कुणी पाहिलेली नाहीत."

त्यांनी ती उघडली. पहिल्या वर्षी दोनशे बारा. पाचव्या वर्षी दोन हजार. चालू वर्षाचे नऊ महिने झाले होते आणि आकडा एकेचाळीस हजारांवर होता. उकिडवे एकेक वाचू लागले. कुणा मृदाशास्त्रज्ञाने लिहिले होते की प्रणालीने सुचवलेले खत घातलेल्या जमिनीत गांडुळे उरलेली नाहीत. विदर्भातली एक अर्थशास्त्राची प्राध्यापिका रजा काढून तीनशे घरांत फिरली होती. प्रणालीनुसार त्या घरांतला आहार सुधारत होता, आणि तिथल्या बायका रात्रीचे जेवण सोडत होत्या. एका अभियंत्याने कोकणातल्या खाडीपुलाच्या तुळईला गेलेली भेग मोजून पाठवली होती. दर महिन्याला, एकोणीस वेळा. प्रत्येक वेळी भेग थोडी मोठी. विसाव्या महिन्यात काही पाठवले नव्हते.

"पुढे काय झालं?" सुनेत्राबाईंनी विचारले.

"पूल चालू आहे. एवढंच दिसतंय."

"चाळणी बंद करा."

"बंद केली तर यातल्या खऱ्या चुकाही आत जातील. उद्या सकाळी देशातला प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक अभियंता तिला प्रश्न विचारणार आहे. तिची बहुतेक उत्तरं आजही बरोबर असतील. कुठली नाहीत, ते मला सांगता येत नाही."

"मग ही एकेचाळीस हजार पुन्हा करून बघा."

"कोण करणार?" उकिडवेंनी निवृत्तिवेतनाच्या याद्या शोधल्या. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "हातानं प्रयोग केलेली माणसं राज्यात दोनशे सहा उरलीत. सरासरी वय एकाहत्तर." त्यांनी यादी छापून घेतली. "मी आजपासून फोन करायला लागतो. वर कळवतो. पण वरचे लोक काय करतील? प्रणालीला विचारतील."

परतीच्या वाटेवर सुनेत्राबाईंना रुग्णालयातून फोन आला. सीझर झालेली एक मुलगी दाखल झाली होती, जखम चिघळली होती, ताप उतरत नव्हता.

मुलीचे नाव कोमल मगदूम. वय चोवीस. तिची आई आक्काताई खाटेच्या कडेला बसून होती. बाळ घरी आत्याकडे ठेवले होते.

"बाई, औषध चालू केलं न्हवं?" आक्काताईंनी विचारले.

सुनेत्राबाई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "आक्काताई, नेहमीचं औषध हिला लागू पडायचं नाही. दुसरी तीन आहेत. त्यांतलं कुठलं लागू पडेल, मला माहीत नाही."

आक्काताईंना हे समजायला वेळ लागला. डॉक्टरच्या तोंडून असे वाक्य त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

"मग कुणाला म्हाईत हाय?"

"अजून कुणालाच नाही. मिरजेत एक जण बघतायत. पुन्हा पुन्हा बघून खात्री करायला वेळ लागतो. परवा कळेल."

"परवा?" आक्काताईंनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "तिन्ही द्या की मग."

"तिन्ही एकदम दिली तर मूत्रपिंडं जातील."

"मग त्यातलं येक देऊन बघा. बसून तरी काय करायचं?"

सुनेत्राबाईंनी एक निवडले. निवडायला काही आधार नव्हता. त्यातल्या त्यात जे कमी अपाय करील ते घेतले. प्रणालीला न विचारता औषध द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. नियमाप्रमाणे त्यांनी तशी नोंद केली आणि त्याखाली सही केली. लीना सिस्टर घरून आल्या आणि कोणाला न विचारता कोमलजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप अर्ध्या अंशाने उतरला. आक्काताईंनी बाळाला आणायचे का म्हणून विचारले. संध्याकाळी ताप पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता कोमल गेली.

दहाच्या सुमारास मुजावरांचा फोन आला.

"मॅडम, कडं दिसतंय. तिसऱ्या औषधाला. चांगलं रुपयाएवढं आहे. तीन बशांत बघितलं." मग त्यांनी विचारले, "मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतेय, मुजावरचाचा. लिहून घेतलं."

तसाच संसर्ग झालेल्या शेजारच्या खाटेवरच्या वृद्धाला त्यांनी तिसरे औषध सुरू करायला सांगितले. मग आपल्या खोलीत येऊन त्या कोमलची नोंद भरायला बसल्या. वय, जखम, दिलेले औषध, मात्रा, वेळा, मृत्यू. काहीही न लपवता सगळे भरले आणि पाठवले.

या वेळी उत्तराला दोनच सेकंद लागले. सुचवलेले औषध टाळून हे औषध दिल्यास रुग्ण दगावण्याची शक्यता प्रणालीने एक्क्याण्णव टक्के वर्तवली होती. मृत्यूचे कारण: चिकित्सकाची चूक. निरीक्षण पूर्वफलाशी जुळते.

त्याखाली हिरव्या अक्षरांत एक शब्द होता. गेल्या दीड महिन्यात सुनेत्राबाईंनी पाठवलेल्या निरीक्षणांत तो पहिल्यांदाच आला होता.

स्वीकारले.