परत आलेली सोडणं

पडदा एवढा मोठा, चित्र एवढं छान, तरी जुईलीच्या जाहिरातीचा बंदरावर काडीचाही परिणाम का होत नव्हता?

जेटीवरचा तो पडदा तिच्या शाळेला आठवडाभरासाठी मिळाला होता. पिशवीत अडकलेलं एक कासव त्यावर दिवसभर दिसायचं. रविवारपर्यंत खाडीतला कचरा घटला नाही, तर पडदा सरबताच्या जाहिरातीला जाणार होता. आज शुक्रवार.

"आज दोनशे बारा पिशव्या," खेकडू पाण्यातून वर येत म्हणाला. खेकडू म्हणजे समुद्राच्या तळावर फिरून कचरा मोजणारा आठपायी यंत्रमानव. "काल दोनशे नऊ होत्या. प्रगती आहे, फक्त उलटी."

तेवढ्यात मासे विकणारी हिरामावशी आली. पडद्याकडे बघून हळहळली, "बिचारं कासव! कुठल्या गावचं गं?" आणि हातातली कचऱ्याची पिशवी तिने खाडीत भिरकावली.

"मावशी!"

"अगं, ओहोटी लागलीय. घेऊन जाईल."

सगळं गाव असंच करायचं. भरतीच्या वेळी कुणी कचरा टाकत नसे. ओहोटीची वाट बघत.

"कुठे घेऊन जाते रे?" जुईलीने विचारलं.

खेकडूने नांगीने वाळूत रेघ मारली. "मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी चढतं-उतरतं. साधारण सहा तास खाडीतून बाहेर जातं, ती ओहोटी. मग तेवढाच वेळ आत येतं, ती भरती. तरंगणारी वस्तू पाण्याबरोबर जाते..."

"आणि पाण्याबरोबर परत येते!"

"बरीचशी. उरलेली प्रवाहात (समुद्रात एका दिशेने वाहणाऱ्या पाण्यात) सापडते आणि दुसऱ्या गावाला लागते."

जुईली पडद्याकडे बघत राहिली. कासव कुठल्या तरी गावचं होतं. म्हणूनच ते कुणाच्या मनाला लागत नव्हतं.

तिने नारळाची चाळीस सुकी सोडणं, म्हणजे नारळावरची जाड सालं, गोळा केली आणि प्रत्येकावर गावातल्या एकेका होडीचं नाव कोरलं. शनिवारी सकाळी ओहोटी लागताच ती खाडीत सोडली. पडद्यावर एवढंच झळकलं : 'तुमची होडी संध्याकाळी सहाला परत येतेय.'

सहाला किनाऱ्यावर हीऽ गर्दी! भरतीबरोबर सोडणं डुलत आली, आणि त्यांच्यासोबत सकाळच्या पिशव्याही.

"माझी 'सोनसाखळी' आली!" हिरामावशी गुडघाभर पाण्यात शिरली. सोडणाला एक पिशवी चिकटली होती. तिच्या तोंडाशी लाल सुतळीची दुहेरी गाठ.

"ही गाठ तर तुझीच, हिरा!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. शेवटी मावशीही हसली आणि पिशवी काखेत मारून घरी घेऊन गेली. बाकीच्यांनीही आपापल्या पिशव्या उचलल्या.

रविवारी खेकडूने मोजलं : एकेचाळीस पिशव्या. पडदा शाळेकडेच राहिला.

"पण सोडणं एकतीसच आली," जुईली म्हणाली. "नऊ कुठे गेली?"

उत्तर दुपारी आलं. खाडीपलीकडच्या गावातल्या मुलांचा फोन होता. "तुमची नऊ सोडणं इथे लागलीत. आता आम्ही आमची सोडतो. बघत राहा!"

जुईली जेटीकडे धावली. तिथे हिरामावशी एका पोराचा हात धरून उभी होती. "टाकू नकोस रे! संध्याकाळी तुझ्याच दारात येईल."

"ही जाहिरात बरी," खेकडू म्हणाला. "हिला वीजही लागत नाही."