साइझ हलतोय

"त्याचा आटा झिजलाय."

विजयश्रीनं मान वळवून पाहिलं. चिंचवड स्टेशनजवळच्या अन्वरचाचांच्या दुकानात, जुन्या मशीनच्या सुट्या भागांच्या ढिगापाशी ती उकिडवी बसली होती आणि हातातला लांबलचक स्क्रू उजेडाकडे धरून निरखत होती. मागे एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्याच्या दोन्ही काखांत एकेक मोटार होती, जुळी बाळं घ्यावीत तशी.

"दिसतंय मला," ती म्हणाली.

"मग घ्यायलाव कामून?"

"कारण माझ्या लेथवरचा याच्याहून जास्त झिजलाय... अजून काही?"

तो हसला, आणि हसण्याच्या नादात एक मोटार काखेतून निसटली. विजयश्रीनं ती चटकन खालून झेलली. त्यानंही झेलली. आता दोघांचेही हात एकाच मोटारीखाली, आणि आधी सोडायचं कुणी हे काही ठरेना.

तेवढ्यात बाहेर श्रावणातली सर कोसळली आणि दोघांचंही निघणं राहिलं. अन्वरचाचांनी चहा मागवला. "हा नवनाथ," ते म्हणाले, "चाकणला कंपनीत मेंटेनन्सला हाय. पण डोक्यात एकच याड, जुन्या मशीनला कॉम्प्युटर जोडायचा. आन् ही विजयश्री, आपल्या बबनराव टर्नरची पोरगी. हिच्या बोटाला साइझ कळतो, मायक्रोमीटर नंतर. बोला आता दोघं, मी नमाज पढून येतो."

चहा संपला, पाऊस थांबला, तरी दोघं बोलतच होते.

रुपीनगरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बबनरावांचा लेथ होता. ज्या वर्कशॉपात त्यांची उमर गेली ते बंद पडलं, तेव्हा त्यांनी तो घरी आणला. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि लेथवर विजयश्री उभी राहिली. दिवसाला धातूच्या आखूड नळ्यांसारखे दीडशे बुश कातून काढायचे, म्हणजे दीडशे वेळा तीच हॅन्डल तेवढीच फिरवायची. संध्याकाळी तिला पोळी लाटवत नसे, इतकं मनगट सुजायचं. नवनाथचं म्हणणं साधं होतं. झिजलेले स्क्रू काढून नवे बसवायचे, हॅन्डलच्या जागी दोन मोटारी लावायच्या, शेजारी एक कंट्रोलरची पेटी. साइझ एकदा लिहायचा, मग मशीन तोच साइझ पुन्हा पुन्हा काढत राहील.

"मग माझं काय काम?" तिनं विचारलं होतं.

"मशीनला शिकवायचं कुणी? मला थोडंच येतंय टर्निंग." आणि म्हणाला, "मनगट तेवढं सुटंल तुमचं. बाकी सगळं तुमचंच की..."

गुरुवारी इथल्या एमआयडीसीला सुट्टी, नवनाथच्या कंपनीलाही. सहा गुरुवार तो रुपीनगरात आला. शेडमध्ये वायरींचा पसारा, पत्र्यावर पावसाचा ताशा, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले बबनराव, ज्यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता पण पोरगा आवडला होता. 

"मॅडम, तो स्क्रूड्रायव्हर द्या."

"मॅडम म्हटलं की मला ऐकू येत नाही."

"मग काय म्हणू?"

"विजू म्हणतात घरी."

"मी घरचा कुठं हाव?" तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

एकदा त्यानं तिचं बोट मागितलं. हो, बोटच! "चाचा म्हणाले तुमच्या बोटाला साइझ कळतो. बघू तरी कसलं बोट हाय ते." तिनं तेलानं काळं झालेलं बोट पुढे केलं. त्यानं ते धरलं, उजेडात फिरवून गंभीरपणे पाहिलं, आणि सोडायचं विसरला. बबनराव खोकले. मग दोघांनाही एकदम खूप काम आठवलं.

नवनाथचं मात्र या एका लेथवर बरंच काही अवलंबून होतं. कंपनी त्याला पर्मनंट करून गुजरातेत साणंदच्या नव्या प्लांटला पाठवायला बघत होती. गावी, औशाला, आई म्हणायची, जा. तो आज-उद्या करत होता, कारण त्याला स्वतःचं काम उभं करायचं होतं. तळवड्याच्या रणजीतदादांच्या वर्कशॉपात असेच सहा जुने लेथ होते. दादा म्हणाले होते, "बबनरावांच्या मशीनवर तुझं काम महिनाभर टिकू दे भावा, मग माझी सहाच्या सहा तुला." विजयश्रीला हे सगळं माहीत होतं. तिला माहीत नव्हतं असं तिनं पुढे कधी स्वतःलाही सांगितलं नाही.

सहाव्या गुरुवारी मशीन सुरू झालं. पन्नास बुश काढले, पन्नासच्या पन्नास एका मापाचे. बबनरावांनी एकेक मोजला, शेवटचा खिशात घातला आणि आत जाऊन बायकोला शिरा करायला सांगितलं. नवनाथ मशीनकडे बघत नुसता उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला वाटत होतं की ते कुणाला दिसत नाहीत.

पुढचा गुरुवार रिकामा आला. विजयश्रीनं मशीन तीनदा पुसलं. दारात मोटारसायकल वाजली की मान वर, आणि दर वेळी शेजारचा सिलिंडरवाला नाहीतर कुरियर. कामच उरलं नाही तर माणूस येईल कशाला? फोन करून काय सांगायचं, करमत नाही म्हणून? छे, असलं काही बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आणि शनिवारी साइझ खरोखरच हलला. एक बुश बरोबर, दुसरा जाड, तिसरा आणखी जाड. तिनं फोन केला. नवनाथ संध्याकाळी चाकणहून थेट आला, तळवड्याच्या ट्रॅफिकमधून, डोक्यापासून पायापर्यंत भिजून. मोटार आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू ढिला राहिला होता. दोन मिनिटांचं काम. तो दोन तास बसला. तिनं दिलेल्या टॉवेलनं केस पुसले, कांदेपोहे खाल्ले, आणि जाताना म्हणाला, "माझ्याच हातून राहिला बघा. पण बरं झालं जरा..."

"काय बरं झालं?"

"पोहे बरे झाले होते," तो म्हणाला आणि किक मारून निघून गेला.

त्या "बरं झालं"वर विजयश्रीनं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तिनं ॲलन कीचा वाकडा पाना हातात घेतला आणि कपलिंगचा तो बारीक स्क्रू पाव फेरा सैल केला. फक्त पाव. त्यात काय एवढं, असं तिला वाटलं. प्रेमात पडलेल्या माणसाला काय वाटेल याचा नेम नाही, पण तिनं तरी समजायला हवं होतं. टर्नरची मुलगी ती! पाव फेऱ्यात काय काय बिघडतं, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

"साइझ हलतोय," तिनं फोनवर सांगितलं.

तो आला. ढिला स्क्रू दोनदा हलवून पाहिला. मग पुन्हा घट्ट केला, वर लाल औषध लावलं, जे वाळलं की आटा जागीच धरून ठेवतं. "आता बैल जुंपले तरी ढिला व्हायचा न्हाई," तो म्हणाला. तिला हसू आलं. पुढच्या आठवड्यात तिनं सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं ते औषध मऊ केलं आणि स्क्रू पुन्हा पाव फेरा फिरवला.

या खेपेला तो आल्या आल्या मशीनपाशी बसला. पोहे तसेच राहिले. गुडघे टेकून कितीतरी वेळ कपलिंगवर बोट फिरवत राहिला, आणि शेवटी वर न बघता म्हणाला, "तुमी जास्त स्पीडनं तर चालवत न्हाईत ना?"

"नाही," ती म्हणाली.

"मग माझंच चुकायलंय कुठंतरी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण तो इतक्या जवळ बसला होता, कपाळावर तेलाचा डाग, आणि तिला वाटलं, आज नको... पुढच्या गुरुवारी हसत हसत सांगू. घरातल्या माणसावर संशय घ्यायचा नवनाथचा स्वभाव नव्हता. त्यानं संशय घेतला तो स्वतःच्या हातावर.

पुढच्या गुरुवारी तो न बोलावता आला. विजयश्रीनं दारातूनच गंमत केली, "आज चक्क बिनकामाचे?" तो हसला नाही. पिशवीतून त्यानं मोटारी बसवताना उतरवलेली लेथची जुनी हॅन्डल काढली. घासून, तेल लावून चकचकीत केलेली.

"हे काय?"

"मशीन होतं तसं करून देतो. मोटारी काढून नेतो. स्क्रू नवेच ऱ्हाऊ द्या, हॅन्डल हलकी फिरतील." त्यानं पाना काढला. "माझं काम टिकत न्हाई, विजयश्रीताई. लाल औषध लावूनसुदिक ढिलं पडतंय म्हणजे माझं बसवणंच चुकलंय. रणजीतदादांना नको म्हणून सांगितलं काल. त्यांची सहा मशीनं बिघडवायची म्हणजे पाप. साणंदला हो म्हणून टाकलं. उद्या निघायचंय."

ताई! विजू म्हणायला सांगितलं होतं तिनं. त्यानं खाली बसून पहिला बोल्ट सैल केला होता. ती पुढे झाली आणि तिनं पान्यावर हात ठेवला.

"थांबा. तुमचं काम चांगलंय. स्क्रू मी ढिला करत होते."

त्याला कळलंच नाही. "म्हणजे?"

"पहिल्यांदा आपोआप झाला. नंतर दोन्ही वेळा मी... ॲलन कीनं. औषध तापवून." आता तिला थांबता येत नव्हतं. "तुम्ही यावं म्हणून. मशीन नीट चाललं असतं तर तुम्ही कशाला आला असता? मला तुम्ही आवडता, नवनाथ. मला ते सांगता येत नव्हतं, म्हणून..."

पत्र्यावर भुरभुर पाऊस लागला होता. नवनाथनं सैल केलेला बोल्ट सावकाश पुन्हा आवळला. सवयीनं एकदा ओढून पाहिला. उठला.

"नुसतं ये म्हणाली असतीस तरी आलो असतो," तो म्हणाला. "सहाव्या गुरुवारी घरी जाताना मी आईला फोन केला होता. तुझं नाव सांगितलं होतं."

पहिल्यांदाच तो तिला "तू" म्हणाला होता. किती दिवस तिनं याची वाट पाहिली होती, आणि तो शब्द आला असा.

"दोन आठवडे मला झोप न्हाई," तो पुढे म्हणाला. "कंपनीतबी साधा नट आवळताना हात भिऊ लागला माझा. वाटायचं, हेही सुटंल. तू समोर बसून बघत होतीस ना सगळं?"

"हो," ती म्हणाली. त्यानं पिशवी उचलली तशी तिनं वाट अडवली.

"जाऊ नका. अजून उशीर झाला नाही."

"तिकडं शब्द दिलाय." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "आन् खरं सांगू? शब्द दिला नसता तरी आज इथं थांबलो नसतो."

हॅन्डल त्यानं तिथंच ठेवली. मोटारसायकल निघून गेली, आणि बबनराव उठून बाहेर आले तेव्हा विजयश्री मशीनला टेकून हमसून हमसून रडत होती.

दुसऱ्या दिवशी ती तळवड्याला गेली आणि रणजीतदादांना, त्यांच्या चार कामगारांसमोर, सगळं खरं सांगितलं. कामगार खाली बघून हसले. हसू देत, ती म्हणाली मनात. दादा मात्र हसले नाहीत. स्वतः रुपीनगरात येऊन त्यांनी दोनशे बुश काढायला लावले आणि एकेक मोजला. "पोरगं सोनं आहे राव," ते म्हणाले आणि तिथूनच त्याला फोन लावला. नवनाथ म्हणाला, विचार करतो.

विजयश्रीनं पंधरा दिवस धीर गोळा केला आणि एका गुरुवारी फोन केला. त्यानं उचलला, एवढ्यानंच तिचा जीव भांड्यात पडला. साणंदला ऊन कडक आहे म्हणाला. जेवणाचं जमतंय म्हणाला.

"रणजीतदादांची मशीनं?" तिनं विचारलं.

"दिवाळीनंतर सुट्टी काढून येतो म्हणालो त्यांना. करीन. आता हात भीत न्हाई." मग त्यानं विचारलं, "मशीन कसं चाललंय तुझं?"

"छान चाललंय. साइझ अजिबात हलत नाही."

त्यानं हळूच, अगदी साधेपणानं विचारलं, "खरंच?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता.

"खरंच," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्याला ते पटलं की नाही, तिला कळलं नाही, आणि विचारायचं तोंड तिला उरलं नव्हतं.