मुखत्यारपत्राची मुदत

"बाबा मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता गेले," साधना म्हणाली, "अन् त्याच दुपारी साडेबाराले भावानं त्याईचं वावर विकलं. मले तेरवीनंतर कळलं."

अकोल्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या जयवंता इंगळे खरेदीखत वाचत होत्या. विकणारे नत्थुजी, त्यांच्या वतीनं सही मुलाची, गोपालची.

"मुखत्यारपत्र होतं?"

"हो. बाबाचे गुडघे गेले तवा त्याईनंच करून दिलं. विकायचाही अधिकार होता."

"मग झालं! खरेदी कायदेशीर," गोवर्धन म्हणाले. एसटीतून निवृत्त झालेले हे शेजारी जयवंताबाईंची गाडी चालवत आणि निष्कर्षही भरधाव काढत.

"त्या दिवशी बाबांशी बोलणं झालं?" जयवंताबाईंनी साधनाला विचारलं.

"सकाळी दहाले फोन केला. वहिनी म्हणे, झोपले आहेत."

तासाभरात तिघं दर्यापुरात नत्थुजींच्या घरी पोहोचले. गोपालची बायको आरती दारातच म्हणाली, "घरीच गेले ते. साडेचारले चहा घेतला, पाचले मान टाकली. दिवसभर चांगले होते."

गोपाल घुश्शातच होता. "दोनले आलो, बाबाले खरेदीचं सांगतलं. खूश झाले. मृत्यूच्या नोंदीतही पाचचीच वेळ आहे."

"ती कुणी सांगितली?"

"मीच. अजून कोण सांगन?"

नत्थुजींची खोली तेव्हापासून बंदच होती. फळीवर गोळ्यांची सात खणांची डबी. सोमवारचा खण रिकामा. मंगळवारचा, सकाळच्या गोळ्यांसकट, भरलेला.

"विसरले असतील," गोवर्धन म्हणाले.

"बाबा?" साधना म्हणाली. "गोळी घेतल्याबिगर चहाले हात लावत नव्हते."

शेजारच्या बुधाजींनी प्रेताला आंघोळ घातली होती. "साडेपाचले बोलावलं. अंगातली बंडी कापून काढा लागली, बाई. हात लाकडासारखे. वाकतच नोयते."

जयवंताबाईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"मुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीनं तू सही कर, एवढंच. देणारा मेला की ते त्याच क्षणी मरतं. वावर मग वारसांचं. इथं वारस दोन, गोपाल आणि साधना. म्हणून साडेबारा वाजता नत्थुजी जिवंत असणं गरजेचं होतं."

"होतेच!" गोपाल ओरडला.

"पाचला गेलेल्या माणसाचे हात साडेपाचला असे ताठ होत नाहीत. त्याला कितीतरी तास जावे लागतात. गोळीशिवाय चहा न घेणाऱ्यानं साडेचारला चहा घेतला, आणि सकाळच्या गोळ्या डबीतच? ते सकाळीच गेले होते, गोपाल. हे ठाऊक असून तू सही केलीस."



आरतीच आधी फुटली. "सकाळी सहाले पाहिलं तं अंग थंड होतं. सौदा ठरला होता, रजिस्ट्री ऑफिसात साडेबाराचा नंबर लागला होता. हे म्हणे, आज रडायचं नाही."

गोपालनं बहिणीकडे पाहिलं नाही. "तू कधी आली होती वावरात? मी राबलो तिथं."

"खरेदी टिकणार नाही," जयवंताबाई साधनाला म्हणाल्या. "बुधाजींची साक्ष आहे. दावा लावता येईल."

साधनाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आरतीपुढे जाऊन उभी राहिली.

"सहापासून पाचपर्यंत त्याईच्यापाशी कोण होतं?"

आरतीनं पदर तोंडाला लावला.

"कोणी नाही. बाहेरून कडी लावली होती."